शेळी कोणत्या पानावर?

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी सातपूरच्या कामगार वसाहतीत, घराच्या पुढच्या खोलीत, मी मुलांसाठी छोटीशी लायब्ररी चालवायचे. पुस्तकं बरी, पण बाई तापट, असा माझा लौकिक होता. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला तरी माझा पारा चढायचा. त्यामुळे सगळ्यांच्या लाडक्या पुस्तकात लाल पेनाच्या खुणा दिसल्या तेव्हा माझं काय झालं असेल, विचारू नका.

पुस्तक चित्रांचं होतं. एका मुलीची शेळी दावं तोडून पळते आणि ती शेळीला शोधायला निघते. दर चित्राखाली दोन वाटा. पुलावरून जायचं तर पान सहा उघडा, पाण्यातून जायचं तर पान अकरा. वाट आपण निवडायची, की गोष्ट बदलते. आणि कुणीतरी प्रत्येक चित्राखाली एका वाटेवर बरोबरची खूण आणि दुसरीवर फुली मारून ठेवली होती.

पुस्तक परत आणणारी मुलगी चौथीतली. "पप्पांनी केलंय, काकू," ती हळूच म्हणाली. "शिष्यवृत्तीला असेच प्रश्न असतात ना? म्हणून त्यांनी बरोबर उत्तरं काढून दिली."

हसावं की रडावं कळेना. चौथीची शिष्यवृत्ती म्हणजे वसाहतीत घरोघरी लगीनघाई. पण ही पोरगी त्या वर्षी फारच बिचकली होती. लिंबू सरबत देऊ की कोकम, एवढं विचारलं तरी बरोबर उत्तर कोणतं ते माझ्या चेहऱ्यावर शोधायची. पुस्तकांत तेवढी ती मोकळी असायची, आणि आता तिथेही फुल्या आल्या होत्या. मला मनापासून वाईट वाटलं.

पुढच्या शनिवारी तिचे वडील पहिली पाळी संपवून, कारखान्याच्या कपड्यांतच, तिला घेऊन आले. येवल्याकडच्या शेतकरी घरातला माणूस, इथे टर्नर. "ताई, हिचं नाव काढून टाका," ते म्हणाले. "यंदा शिष्यवृत्तीचं वर्ष हाय. गोष्टीबिष्टी परीक्षेनंतर."

मुलगी खाली मान घालून उभी. माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं, पण लेकीसमोर बापाला बोललं की लागतं लेकीलाच. मी गिळलं. "काढते, भाऊ," मी म्हटलं आणि ते शेळीचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. "पण जाण्याआधी तुमची उत्तरं तरी तपासून बघा. तिला हे वाचून दाखवा."

ते सतरंजीवर बसले आणि मोठ्याने वाचू लागले. पूल, बरोबर. जंगलातून नाही, बांधावरून, बरोबर. अंधारायला लागलं, घरी परत, बरोबर. पुढच्या चित्रात मुलगी चुलीपाशी बसून गरम भाकरी खात होती. गोष्ट संपली.

"आन शेळी?" त्यांनी विचारलं.

"नाही सापडली," मी म्हटलं.

"आसं कसं? निघाली होती कशाला मंग? जित्राब रानात सोडून घरी भाकरी खाती व्हय?" त्यांचा जीव खरंच कासावीस झाला होता. अजून निम्म्याहून जास्त पुस्तक उरलं होतं, ते त्यांनी अंगठ्याने फडफडवलं. "आन ही बाकीची पानं कशाला मंग?"

"ती चुकल्यावर लागतात, पप्पा," मुलगी म्हणाली. बोलून गेल्यावर तीच घाबरली. "शेळी तिकडेच आहे. मी बघितलंय."

"फुलीवरून गेलीस?"

तिने मानेनेच हो म्हटलं. आता हिचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण ते कान खाजवत थोडे सरकले आणि त्यांनी तिला शेजारी जागा केली. "मंग मला दाखव की. कुठून गेलीस?"

ती टेकली आणि पहिल्याच फुलीवर बोट ठेवून पाण्यात उतरली. "आगं, दमानं," ते म्हणाले, "ओढ लय हाय तिथं!" तिने ऐकलं नाही. पाय घसरला, वाट चुकली, भलत्याच डोंगरावर निघाली, आणि दर पानाला तिचा आवाज वाढत गेला.

"नाव राहू द्या हिचं," मान वर न करता ते म्हणाले. मला इतका आनंद झाला की लाल पेनाबद्दल ऐकवायचं राहूनच गेलं.

मुलीला ते ऐकू गेलं नसावं. ती नव्या दोन वाटांपाशी थांबली होती. पुस्तक तिने वडिलांच्या मांडीवर सरकवलं.

"आता तुम्ही निवडा, पप्पा," ती म्हणाली. "आणि घाबरू नका. चुकलं तर मी आहे."