चंद्रापलीकडून गेलेला दगड

तेव्हा मी औरंगाबादच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. कामात बरा, पण मथळे ठोकायचा भारी शौक. एके दुपारी एजन्सीची बातमी आली. एक छोटा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार, त्याची कक्षा धोकादायक यादीतली. या खेपेला मात्र तो चंद्राच्याही पलीकडून जाईल, काळजीचं कारण नाही, असं शेवटच्या परिच्छेदात होतं. तेवढ्यात पानावरची जाहिरात वाढली. बातमी खालून कापायची ही आमची रीत, मी कापली. खोटं कशाला बोलू, जाहिरात नसती तरी कापली असती. त्या दोन ओळींनी माझ्या मथळ्यातली हवाच गेली असती. 'गुरुवारी पृथ्वीवर संकट?' असं ठोकून मी खुशीत चहाला गेलो.

माझा मामा गंगापूरकडचा, मेंढरंवाला. दिवाळी झाली की कळप घेऊन गोदावरीकाठी निघायचा. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत. त्या साली घोड्यावर बिऱ्हाड लादायचं तेवढं बाकी होतं आणि कुणीतरी पारावर माझी बातमी वाचून दाखवली. बाकीचे मेंढपाळ हसले आणि चालू लागले. मामा थांबला.

"माझ्या भाच्याचा पेपर हाय. त्यात उगं छापत्यात व्हय? काय व्हायचं ते समद्यांसंगं, घरी होऊ दे."

सासरी नांदणाऱ्या लेकीलाही त्यानं बोलावून घेतलं.

गुरुवार आला तसा गेला. मामा निघाला तेव्हा आठ-दहा दिवस उशीर झालेला. पुढच्या कळपांनी चारा साफ केलेला, त्याची ठरलेली रानं दुसऱ्यांनी धरलेली. मेंढ्यांचं दूध आटलं आणि त्या सालची बहुतेक कोकरं मेली. काही तर मामीच्या मांडीवर गेली.

मामा घरी परतल्यावर हे मला कळलं, तशी मी रजा टाकली. एसटी धरून गेलो. मामा अंगणात दोर वळत बसला होता. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "त्यो दगड लई लांबून गेला म्हणत्यात. तुला ठावं नव्हतं का रं?"

कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो की! पण जीभ वळली ती भलतीकडंच.

"नाय मामा. मागनं कळलं."

"मंग तुझा काय गुन्हा?" मामाचा चेहरा एकदम मोकळा झाला. "अगं, भाच्याला जेवाय वाढ."

मामीनं घरात होतं नव्हतं तेवढं दूध माझ्या भाकरीवर ओतलं. मेल्यासारखं झालं मला. तरी सगळं खाल्लं.