माणशी किती किलो

काटेकाकांचं आडनाव काटे नव्हतं. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी वजनकाट्यावर काढली, म्हणून हे नाव चिकटलं. ट्रक आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा तोलायचा आणि वजाबाकी लिहून द्यायची. इतकी वर्षं हेच केलेल्या माणसाला जग तोलल्याशिवाय चैन पडत नाही. काकूंनी नवी चप्पल आणली तरी काका ती हातात धरून वजनाचा अंदाज घ्यायचे. निवृत्त झाल्यावर ते इमारतीचे सेक्रेटरी झाले, पण तोलायला काही मिळेना, तेव्हा जरा चिडचिडे झाले.

अशात पालिकेची मोजणीबाई आली. कोणती इमारत हवेत किती कार्बन सोडते ते मोजायचं आणि इमारती-इमारतींची तुलना करायची, हे तिचं काम. वीज, गॅस, पाण्याचा पंप, जनरेटरचं डिझेल, सगळ्याची बिलं घेऊन ती त्याचे किलो काढणार आणि त्या किलोंना राहणाऱ्या माणसांच्या संख्येने भागणार.

"किलो?" काका खुर्चीतून उठलेच. "धुराचे किलो?"

"हो काका. कार्बनला वजन असतं."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं!"

तेव्हापासून काकांच्या अंगात वारं शिरलं. त्यात तुलना कोणाशी, तर समोरच्या इमारतीशी. दोन्ही इमारती एकाच ठेकेदाराने एकाच नकाशावरून बांधलेल्या, पाच-पाच मजल्यांच्या. आणि समोरचे सेक्रेटरी म्हणजे काकांचे व्याही. काकांची एकुलती एक मुलगी त्यांच्या घरात दिलेली. व्याही अतिशय गोड बोलायचे. भांडकुदळ माणसाकडून हरलं तर निदान शिव्या तरी देता येतात, या माणसापुढे तीही सोय नव्हती. पहिल्या वर्षी व्याह्यांच्या इमारतीचे माणशी किलो थोडे कमी भरले आणि त्यांच्या दारावर हिरवी पाटी लागली. "थोडक्यात हुकलं तुमचं," व्याही बाल्कनीतून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका." काकांनी ते तिथल्या तिथे मनाला लावून घेतलं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी कंबर कसली. जिन्यातले अर्धे दिवे काढले. पंपाची वेळ कमी केली, त्यामुळे लोक साबण लावून नळाकडे बघत उभे राहू लागले. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्याच्या दवाखान्यात तर ते थेट आत घुसले. पेशंट आ वासून पडलेला, आणि काका विचारतात, "एक दात काढायला एवढा उजेड लागतो?" पेशंटला बिचाऱ्याला तोंड मिटून उत्तर देण्याचीही सोय नव्हती. शेवटी काकांनी मोजणी होईपर्यंत लिफ्टच बंद केली.

इथे घोड्याने पेंड खाल्ली. काका-काकू राहायचे पाचव्या मजल्यावर, आणि काकूंचे गुडघे साफ गेलेले.

"अहो, जिना उतरताना माझा जीव जातो," काकू म्हणाल्या.

"व्यायाम होतो," काका म्हणाले. "आणि सेक्रेटरीच्या बायकोसाठी लिफ्ट सुरू केली, तर लोक मला काय म्हणतील?"

काकूंनी खाली उतरणं सोडलं. बागेतल्या मैत्रिणी सुटल्या, वाचनालय सुटलं, उरला तो दिवसभर किलोंवर बोलणारा नवरा. मुलीच्या सासरी फार राहू नये, असं काकू आयुष्यभर दुसऱ्यांना सांगत आल्या होत्या. पण एका सकाळी त्यांनी पिशवी भरली, प्रत्येक मजल्यावर बूड टेकत खाली उतरल्या आणि "दोन दिवस जाऊन येते" म्हणून समोर गेल्या. ते दोन दिवस काही संपेनात.

काका बाल्कनीतून बघत बसायचे. समोर काकू विहीणबाईंबरोबर लिफ्टने खाली, लिफ्टने वर, पुन्हा खाली. आधी त्यांना त्या विजेचा हिशोब दिसायचा. मग मात्र नुसत्या काकू दिसायला लागल्या, हसणाऱ्या, आणि काकांचं जेवणातलं लक्ष उडालं. पण बोलावणार कसे? बोलावलं की लिफ्ट आलीच.

मोजणीच्या आदल्या दिवशी दंतवैद्य धावत आला. "काका, हिशोब माणशी आहे! काकू तिकडे मोजल्या गेल्या तर आपलं एक डोकं कमी आणि त्यांचं एक जास्त. सामना अटीतटीचा आहे. घेऊन या त्यांना."

काका लगबगीने समोर गेले. "अगं, उद्या मोजणी आहे. चल घरी."

"आणि परवा?" काकूंनी विचारलं.

दुसऱ्या कोणी इथे चार गोड शब्द पेरले असते. पण काट्यावरचा माणूस. "परवा परत इकडे आलीस तरी चालेल," काका म्हणाले.

विहीणबाई तोंडाला पदर लावून आत पळाल्या. काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला डोकं हवंय. ते दुसऱ्या कोणाचं तरी बघा."

दुसऱ्या दिवशी मोजणीबाई पाचव्या मजल्यापर्यंत धापा टाकत चढली. "काका, तुमच्या घरात माणसं किती?"

तिच्या पाठीमागे उभा राहून दंतवैद्य दोन बोटं नाचवत होता. काकांनी जन्मात कधी काट्यावर अंगठा ठेवला नव्हता. "एक," ते म्हणाले. आणि म्हटल्यावर त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं. एवढ्या मोठ्या घरात एक. त्यांचे डोळे भरून आले.

"काय झालं काका?"

"धूर गेला डोळ्यांत," काका म्हणाले. धूर तिथे औषधालाही नव्हता.

आठवड्याने निकाल लागला. इमारत पुन्हा हरली, तीही केसभर फरकाने. लिफ्ट बंद ठेवून जेवढं वाचलं, त्याहून जास्त काकू गेल्यामुळे माणशी वाढलं होतं. दंतवैद्य कपाळाला हात लावून बसला. काकांनी कोणाशी वाद घातला नाही. लिफ्ट चालू केली आणि ते समोर गेले.

"आता कशाला आलात?" काकू म्हणाल्या. "मोजणी तर झाली."

"म्हणूनच आलो. आता तरी खरं वाटेल तुला." काका उंबऱ्याबाहेरच उभे होते. "मला एकट्याला घर खायला उठतं गं. लिफ्ट सुरू केलीय. चल."

"आणि पुढच्या वर्षी मोजणी आली की?"

काकांनी पुष्कळ विचार केला. खोटं बोलायची सवय नव्हती, आणि आता सुरुवात करावी असं वयही नव्हतं.

"पुढच्या वर्षीही हरू," ते म्हणाले.

काकू पिशवी भरायला उठल्या. दोघं रस्ता ओलांडत होते, तेवढ्यात वरून व्याह्यांचा गोड आवाज आला, "काय हो, विहीणबाईंना घेऊन चाललात! आमची सरासरी बिघडवलीत की!"

किती बिघडली, हे काकांनी विचारलं नाही.