मेंढरं बसलेली जागा

बायको होती तोवर रानात राहायची जागा मी कधी शोधली नाही. मी ओझं वाहायचो. जागा ती शोधायची.

दरवर्षी ऊस तुटून गेला आणि शाळांना सुट्टी लागली, की आम्ही घरचे सगळे दोन रात्रींसाठी डोंगरात जायचो. आम्ही राहतो पलूसकडं. आमच्याकडं जिकडं बघाल तिकडं ऊसच. म्हणून पाटणच्या वरच्या अंगाला, जिथं झाडी आहे आणि माणूस नाही, असल्या ठिकाणी जायचं. आता पोरं त्याला कॅम्पिंग म्हणतात. ती म्हणायची, "तळ टाकाय जायाचं."

तळ म्हणजे मेंढरावाल्यांचा मुक्काम. ती जतकडची. जात आमची दोघांची एकच, पण माझ्या बापानं कालव्याचं पाणी आल्यावर मेंढरं विकून ऊस लावला, तिच्या बापानं विकली नाहीत. दिवाळी झाली की घोड्यावर भांडी, घोंगडी, कोंबड्या आणि बारकी पोरं लादून ती माणसं कोकणाची वाट धरायची, ती पावसाच्या आत माघारी. बापये मेंढरांबरोबर पुढं आणि बायका घोड्यांबरोबर मागं. चूल कुठं मांडायची, निजायचं कुठं, हे बायका ठरवायच्या. माझी बायको लग्नाआधी अर्धं आयुष्य असंच चाललेली. मी तिच्या मानानं घरकोंबडा. चौथी शिकलो, पुढं सगळा जन्म उसाला पाणी पाजण्यात गेला.

डोंगरात गेल्यावर ती गाडीतनं उतरायची आणि न बोलता चालायला लागायची. मी डोक्यावर वाकळांचं गठुळं घेऊन मागं.

"अगं, हितं काय वाईट हाय?" मी विचारायचो.

"आवं, तुमी गप बसा जरा. जागा बघाय लागलीय."

मग ती झाडाच्या वाळक्या फांद्या वर बघणार, खाली वाकून मातीला तळवा लावणार, लेंड्या पायानं उलथून बघणार. "मेंढरू बसतं तिथं वारा लागत न्हाई," म्हणायची. एवढं मी ऐकलेलं. त्याच्या पुढंही ती काहीतरी बोलायची, पण तोवर मी गठुळ्याची गाठ सोडायला बसलेलो असायचो.

गेल्या भादव्यात ती गेली. नऊ दिवस दवाखान्यात होती, दहाव्या दिवशी नव्हती. त्यावर जास्त लिहीत नाही.

ती गेल्यापासून पुण्याचा पोरगा, सून आणि नात दोनदा घरी आली. दोन्ही खेपेला सकाळी आली आणि संध्याकाळी गेली. त्यांचं चुकलं असं नाही. ती नसताना त्या घरात कुणी कुठं बसायचं हे सुनेला कळत नाही आणि मलाही कळत नाही. चहा झाला की सगळे फोन बघतात. रानातल्या दोन रात्रीच काय त्या आम्ही सगळे एका जागी असायचो. त्या पण गेल्या तर मला ही माणसं फक्त फोनच्या काचेवर दिसणार, हे मला उन्हाळ्याच्या तोंडावर पक्कं कळलेलं.

मग पोराचा फोन आला. "आबा, औंदा काय करायचं? हितं एकजण तंबू देतो. तयार असतोय. जेवण, संडास सगळं हाय. नदीकाठाला."

"माणसं किती असत्यात?"

"असतील चाळीस-पन्नास."

"मग त्याला लगीन म्हणत्यात."

तो हसला. मग म्हणाला, "आईला बरोबर जागा सापडायची. आता कोण शोधणार?"

टोमणा मारायचा म्हणून बोलला नाही तो, पण मला लागलं. "मी शोधतो," म्हणालो.

एस्टीनं कराड, तिथनं पाटण आणि पुढं वडापची जीप. पहिल्यांदा आमच्या जुन्या जागेवर गेलो. तिथं तारेचं कुंपण घातलेलं आणि आत पोहायचा हौद खणत होते. राखणदार खुर्चीत बसलेला.

"बुकिंग हाय का, बाबा?"

"बुकिंग न्हाई. मी हितं अठरा वर्सं झोपलोय."

"मग घरी कोण झोपायचं?"

माघारी आलो.

दुसऱ्या खेपेला शिराळ्याकडच्या डोंगरात गेलो. जागा चांगल्या, पण राखीव जंगल. गार्ड भला माणूस. म्हणाला, "बाबा, दिवसा हिंडा, पर जाळ करायचा न्हाई आणि राती ऱ्हायाचं न्हाई. जनावर हाय." मी म्हणालो, मी काही करत नाही जनावराला. तो म्हणाला, "तुमचं खरं हो, पर त्येला कोण सांगणार?"

तिसऱ्या खेपेला पाटणच्या वर एका वाडीपाशी उतरलो. वाडीत सहा घरं, चार कुलपात. एका ओसरीवर माझ्याच वयाचा म्हातारा दोरी वळत होता. मागचं सगळं रान त्याच्या मालकीचं. विचारलं, दोन दिवस राहू का?

"ऱ्हावा की. डोंगर काय मी पाठीवर घिऊन चाललोय?" मग म्हणाला, "गाव कंचं? धंदा काय?"

मी सांगितलं. आता ऊस आहे, पण मूळचे आम्ही मेंढरावाले.

"मग तुमास्नी काय सांगायचं रानातलं," तो म्हणाला. "एकलंच हायसा?"

"पोरं येणार हायत."

"आन् बाई?"

"गेली."

त्यानं दोरी खाली ठेवली, आत जाऊन तांब्या आणला आणि माझ्यापुढं ठेवला. मी पाणी प्यायलो तेव्हा आठवलं, ती कुणाच्या रानात राहायला जाताना काकवीचा डबा न्यायची. तिच्या माहेरी शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचा आणि वर धान्य द्यायचा, कारण लेंडीखत मिळायचं. ती म्हणायची, "आपल्यासंगं मेंढरं न्हाईत, मग आपणच द्याचं." मी रिकाम्या हातानं आलेलो.

वर चढून गेलो. हिरडा, ऐन, करवंदीच्या जाळ्या. खालच्या अंगाला खडकातनं पाण्याचा झिरा. माणसाचा आवाज नाही, फोनला रेंज नाही. एका ठिकाणी सपाट, आणि त्या सपाटीवर वाळक्या लेंड्यांचा सडा. माती पायांनी कुटून निघालेली, करवंदीच्या काट्याला लोकरीचे पुंजके. कोकणातनं माघारी येणारं मेंढरांचं खांड आठ-दहा दिवसांमागं इथं बसून गेलेलं. मेंढरू बसतं तिथं वारा लागत नाही. मी हात लांब करून बघितला, खरंच वारा नव्हता. कडेच्या धोंड्यावर तासभर बसलो. मला वाटलं, तिनंच दाखवली. एकट्या माणसाला काहीही वाटतं.

वाडीच्या वरच्या वळणावर रेंज येत होती. तिथनं पोराला फोन केला. "मिळाली जागा. त्या तंबूवाल्याला नको म्हणून सांग."

ठरल्या दिवशी मी कराडच्या स्टँडवर दोन वाकळा, भाकरी, वांगी आणि काकवीचा डबा घेऊन उभा राहिलो. पोराची गाडी आली. वाडीत म्हाताऱ्याला काकवी दिली आणि बैलगाडीच्या वाटेनं गाडी सपाटीपर्यंत वर नेली. दुपार कलली होती. पोरानं ऑनलाईन मागवलेला तंबू काढला आणि कागदावरचं चित्र बघत बसला. मी वाकळा पसरल्या. नात लोळायला लागली. नऊ वर्षांची आहे, तिला लोळायला सांगावं लागत नाही.

सून चांगलं म्हणायला वेळ लावणारी बाई. ती इकडंतिकडं बघून म्हणाली, "आबा, किती शांत आहे हो इथं."

मला लय बरं वाटलं. मी तोऱ्यात सांगितलं, "मेंढरू बसतं तिथं वारा लागत न्हाई. तुझ्या सासूनं शिकवलंय मला."

"आईंनी मला कधी सांगितलं नाही."

"तू इचारलं नसशील," मी म्हणालो.

तीन धोंडे मांडून जाळ केला. वांगी भाजायला टाकली. पोरगा तंबूच्या काठ्या जोडत आईच्या गोष्टी सांगायला लागला. सून हसत होती. भादव्यानंतर पहिल्यांदाच आम्ही तिचं नाव काढून हसत होतो. त्यात नात मान खाजवत आली.

"आजोबा, हे काय आहे? निघत नाही."

कानामागं करड्या रंगाचा दाणा. मी बघितल्याबरोबर ओळखलं. गोचीड. दुसरी केसांत, तिसरी काखेत. सुनेनं सलवार वर केली तर घोट्याला दोन. वाकळ उचलली, तर शिवणीशिवणीतनं चालत होत्या.

सुनेनं आरडाओरडा केला नाही. पोरीला उचललं, गाडीच्या सीटवर उभं केलं, अंगावरचा फ्रॉक काढून लांब फेकला. मी खोबरेलाची बाटली घेऊन गेलो.

"तेल नको आबा. तुम्ही हात लावू नका."

मी बाटली घेऊन तिथंच उभा राहिलो. आणि उभ्या उभ्या मला बायकोचं सगळं वाक्य आठवलं. अगदी तिच्या आवाजात. "मेंढरू बसतं तिथं वारा लागत न्हाई. पर तिथंच बसायचं न्हाई, वरच्या अंगाला पन्नास पावलं सोडून बसायचं. मेंढरं जात्यात, पर त्यांची पाव्हणी मागं ऱ्हात्यात." दर वर्षी सांगायची. मी अर्धं ऐकायचो आणि गाठ सोडायला बसायचो. मेंढरावाल्याच्या पोटी जन्मून मेंढरांच्या अंथरुणावर नातीला निजवणारा मीच पहिला. सासऱ्यानं काठीच घातली असती.

पोरानं जाळावर पाणी ओतलं. "आबा, चला. कराडला लॉज बघू."

"तुमी जावा. मी सामान आवरतो."

"एकटे? कशाला हट्ट? आई असती तर..."

"आई असती तर ही येळच आली नसती. जा, पोरीला दवाखान्यात दाखव."

वाईट बोललो. तो काहीतरी म्हणणार होता, पण पोरगी रडत होती. सुनेनं काच खाली केली. "आबा, तुमच्याही कपड्यांत असतील. नीट बघा." एवढं बोलायला तिला सुचलं, हे मी विसरणार नाही.

गाडी गेली तेव्हा दिवस कासराभर होता. मी वाकळा धोंड्यावर आपटल्या, काठीनं झोडपल्या. मग मोजत वर चढलो. पन्नास पावलं. हिरड्याखाली साफ कातळ. लेंडी नाही, ओल नाही आणि वाराही नाही. चार माणसं हातपाय पसरून झोपतील एवढी जागा. मी तिथं बसलो. सगळं बरोबर होतं आणि दाखवायला कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं म्हातारा काठी टेकत वर आला. "गाडी गेली की तुमची?"

"गेली."

"गोचीड व्हय?" आणि तो हसायला लागला. "आवं, त्या सपाटीवर मी माझी म्हसरं बी घालत न्हाई सध्या."

"मग सांगायचं न्हाई का, गड्या?"

"मेंढरावाल्याला मी काय सांगणार? म्हनलं, ह्येला कळतच असंल."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही. त्यानं मला खाली नेलं. माझे कपडे पाण्यात खदखदा उकळायला टाकले, मला त्याचं धोतर दिलं. त्याच्या म्हातारीनं भाकरी वाढली. भाकरी वाढताना ती त्याला कशावरनं तरी बोलत होती आणि तो ऐकत नव्हता. मी त्याला म्हणालो, "ऐक रं बाबा, ती काय म्हणतीय ते." दोघंही माझ्याकडं बघायला लागली.

सकाळी वळणावर जाऊन फोन लावला.

"पोरीचं कसं हाय?"

"बरी हाय. डॉक्टरनी पाच काढल्या. काय होत न्हाई म्हणाले."

"जागा वर हाय. पन्नास पावलं. काल बघितली मी. साफ कातळ हाय."

मागनं नातीचा आवाज येत होता, कुणाला तरी गोचिडीची गोष्ट सांगत होती.

"आबा, औंदा ऱ्हाऊ दे. तो नदीकाठचा तंबूवाला आज जागा देतोय. पोरगी लय हिरमुसलीय, म्हणून एक रात्र जातोय तिकडं. तुम्ही येताय? घ्यायला येतो."

"नको."

"मग पुढच्या वर्षी बघू. तुमच्या जागंवर."

"बघू," मी म्हणालो.

बघू म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. बायको तिच्या बापाचा जुना तळ मला एकदा दाखवायचा म्हणायची, खाली कोकणात उतरायच्या वाटेवर. मी तिला तीस वर्षं बघूच म्हणत आलो.

वडाप तासाभरानं आलं. गच्च भरलेलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, वाकळा मांडीवर घ्या. टपावर जागा न्हाई."

"घेतो. पर त्यात गोचिडी हायत."

आतली माणसं एकमेकांच्या अंगावर सरकली. मागचं सबंध बाकडं मला एकट्याला मिळालं. पाटणपर्यंत ऐसपैस आलो.