दोह्याहून शिआनला: मातीची फौज आणि मधली भिंत

खरं सांगतो, चीनच्या पहिल्या सम्राटाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर ‘ईदच्या सुट्टीत बीजिंग-शिआन, अकरा जागा’ असा मेसेज आला, खाली सबनीस काकांनी ‘आम्ही तिघं’ लिहिलं आणि मी तीन मिनिटांत पैसे भरले. त्या तिघांतली तिसरी म्हणजे त्यांची मुलगी रेवा. नोकरी दोह्याच्या वेस्ट बे भागातल्या बँकेत, घर अबू हमूरला. नऊ महिन्यांची ओळख. ‘आपलं पुढे काय?’ हे तिला या ट्रिपमध्ये विचारायचंच, असं मी ठरवलं होतं.

अडचण एकच. त्यांच्या घरी मी इंजिनियर होतो. खरं म्हणजे मी तिसऱ्या वर्षाला सरांशी भांडून कॉलेज सोडलं आणि इथे रस्त्याच्या साइटवर सर्व्हेवाल्यांच्या दुर्बिणीची तिपाई उचलायच्या कामाला लागलो. रुजू झालो त्या दिवशी स्टोअरमध्ये हेल्परांची पिवळी हेल्मेटं संपली होती, म्हणून मला पांढरं दिलं. आमच्या साइटवर पांढरं हेल्मेट म्हणजे इंजिनियर! वर्ल्ड कप चार वर्षांवर, सगळं शहर खणून ठेवलेलं, डिग्री विचारायला वेळ कोणाला? रेवानं त्या हेल्मेटातला माझा फोटो बघून ‘इंजिनियर आहेस?’ विचारलं. मी नुसतं हसलो. चूक तिथेच झाली.

जाणाऱ्यांसाठी: चीनचा व्हिसा दोह्यात मिळतो, कंपनीचं पत्र लागतं. त्यावर हुद्दा छापलेला असतो, त्यामुळे माझी फाइल मी छातीशी धरून बसलो होतो. बीजिंगहून शिआनला बुलेट ट्रेननं पाचेक तास लागतात. खिडकी मागून घ्या. मला खिडकी मिळाली, पण शेजारी रेवाऐवजी काका आले. काका मेट्रोच्या खोदकामात, माती हा त्यांचा विषय. पाच तास चिकणमाती, गाळाची माती, भुसभुशीत माती. दोन रांगा पुढे रेवा कानात इअरफोन घालून झोपली होती. काकू तेवढ्या अधूनमधून मागे वळून चकली द्यायच्या आणि म्हणायच्या, “अहो, श्वास घेऊ द्या त्या पोराला!”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेल्या मातीच्या फौजेकडे निघालो. शहरातून बसनं तासभर. तिकीट ऐंशी रियालच्या आसपास पडलं. बाहेर जाड नूडल्स मस्त मिळतात, शाकाहारी असाल तर आधी तीनदा सांगा. ऊन होतं, पण जूनमध्ये दोह्यात राहणाऱ्याला ते ऊन म्हणजे थट्टा.

उत्खननाच्या पहिल्या खड्ड्यावरच्या छपराखाली शिरलो. समोर मातीच्या सैनिकांच्या रांगाच रांगा. प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एक तर हुबेहूब आमच्या फोरमनसारखा वैतागलेला. मागच्या बाजूला फुटलेले सैनिक जोडायचं काम चालू होतं. कोणी डोकं नसलेला, कोणाच्या कमरेला प्लॅस्टिक गुंडाळलेलं. एक बाई हातात ब्रश घेऊन एका खांद्यावरची माती काढत होती. आम्ही तासभर होतो, ती त्याच खांद्यावर होती. आमच्या साइटवर तिला दहा मिनिटांत कोणीतरी ‘यल्ला, यल्ला’ म्हणत घाई केली असती.

रेवा कठड्याशी एकटी उभी होती. हीच वेळ, म्हणून मी निघालो, तेवढ्यात काकांनी माझा दंड धरला.

“या रांगांमधल्या भिंती बघ. खणताना मूळ जमीन तशीच ठेवलीय. हुशार माणसं!”

मी ‘हो काका’ म्हणायला हवं होतं. पण भिंतीत चार-चार बोटांवर आडव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या. “नाही काका. माती आणून धुमसानं ठोकत, थरावर थर देऊन उभी केलीय.”

“मूळ जमीन आहे.”

“थर दिसतायत की! डोळे आहेत ना?”

काका लाल झाले. “मला शिकवतोस? कुठल्या कॉलेजात शिकलास रे सॉइल मेकॅनिक्स?”

“कुठल्याच नाही!” मी ओरडलो. “तिसऱ्या वर्षाला सोडलं कॉलेज! तिपाई उचलतो मी! पण रोज रस्त्याचे थर बघतो, ती भिंत ठोकलेलीच आहे!”

सगळी रांग आमच्याकडे बघायला लागली. मातीची नव्हे, पर्यटकांची. आमची गाइड घाबरत म्हणाली की भिंती ठोकलेल्या मातीच्याच आहेत. काका बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “थर आहेत खरे.” आणि थोड्या वेळानं, “तू इंजिनियर नाहीस हे मला दिवाळीतच कळलं होतं. इंजिनियर कधी स्वतः तिपाई उचलतो का? आणि तू मंडळाच्या कार्यक्रमात स्पीकरचे दोन तिपाई स्टँड न सांगता खांद्यावर टाकलेस.”

मी हसत मागे वळलो. रेवा माझ्या मागेच येऊन उभी होती.

“नऊ महिने,” ती म्हणाली. “समुद्रकाठी कॉर्निशवर बसून मला बीमचे प्रकार समजावलेस.”

“ते सगळे खरे होते, रेवा.”

“बीम खरे होते. आणि खरं सांगितलंस ते कोणाला? बाबांना! तेही भांडणात जिंकायला!”

आणि ती काकूंकडे निघून गेली.

सम्राटाची खरी कबर तिथून थोडी दूर आहे, गाडीनं नेतात. वरून बघाल तर झाडं असलेली टेकडी, बस्स. ती उघडलेलीच नाही. रंगीत वस्तूंना हवा लागली की रंग उडतात म्हणे. रेवा काकूंबरोबर बाकावर बसून राहिली. मला काकांनी टेकडीच्या पायथ्यानं लांबवर फिरवलं आणि जमिनीतलं पाणी आत शिरण्यापासून कसं अडवलं असेल ते सांगितलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

परत आल्यावर लोक विचारतात, जावं का? जरूर जा. पहिल्या खड्ड्याला निम्मा दिवस द्या, मागच्या बाजूचं जोडकाम चुकवू नका, पायात चांगले बूट घाला. आणि कोणाला काही खरं सांगायचं राहिलं असेल, तर ते दोह्यात सांगून विमानात बसा.

मी कॉलेजच्या राहिलेल्या विषयांची चौकशी केलीय. काका आता दर शुक्रवारी फोन करतात, “ये रे, नवीन फोटो मिळालेत खोदकामाचे.” मी इस्त्रीचा शर्ट घालून अबू हमूरला जातो, बेल वाजवतो. दार रेवाच उघडते. माझ्याकडे बघते, आणि आत वळून हाक मारते, “बाबा, तुमचे मित्र आलेत.”