भुरकेकाकांचा घोट

चहाच्या कंपनीत चव घेणारे म्हणून भुरकेकाकांचा मोठा दबदबा. चमचाभर चहा ते असा काही भुरकत की पलीकडच्या खोलीतला कारकून दचकायचा. मग चहा तोंडात घोळवून पिचकारी थेट पिकदाणीत! दिवसभर चहा प्यायला तर माणूस झोपेल कधी? या कामात गिळायचं नसतंच. त्यामुळे काकांना गिळता येईनासं झालंय, हे कचेरीत कुणाच्या बापाला कळलं नाही.

घरी मात्र लपवालपवी चालेना. घास अडायचा, ठसका लागायचा, पाणी नाकातून यायचं. शेवटी काका सुपाची वाटी घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागले आणि काकू ओट्यापाशी उभ्यानंच जेवू लागल्या. एका टेबलावर बसणं बंद झालं, याचंच काकांना सगळ्यात जास्त वाईट वाटे.

“अन्ननळीच्या तोंडाशी एक स्नायू असतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “घास आला की त्यानं सैल व्हायचं. तुमचा आवळून बसलाय. तोंडातून दुर्बीण घालून तो कापू. बाहेर टाकासुद्धा दिसणार नाही.”

“एवढासा तो, आणि तोरा केवढा!” काकू म्हणाल्या.

ऑपरेशन झालं. मग तपासणीसाठी एक्स-रेच्या पडद्यापाशी काकांना पांढरं औषध प्यायला दिलं. काकांनी झकास भुरका मारला, औषध घोळवलं आणि नेम धरून कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये पिचकारी मारली.

“खडूची चव. शेवटी जरा तुरट,” त्यांनी निकाल दिला.

पडद्यावर नजर लावून बसलेल्या डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. “खाली काहीच गेलं नाही?”

काचेपलीकडून काकू ओरडल्या, “अहो, ही कचेरी नाही! गिळा!”

काका ओशाळले. दुसरा घोट मात्र त्यांनी तोंडातच धरून ठेवला. हा अडला तर? त्यांनी डोळे मिटले आणि गिळलं. पडद्यावरची पांढरी रेघ कुठेही न अडखळता सरळ खाली उतरली. डॉक्टरीणबाईंनी टाळीच वाजवली.

मऊ खायची परवानगी मिळाली त्या दिवशी टेबलावर दोन ताटं मांडली गेली. काकांनी लोणी घालून कुस्करलेला बटाटा खाल्ला, परत वाढून घेतला. काकू नुसत्या त्यांच्या गळ्याकडे बघत बसल्या होत्या.

“अगं, तूही जेव की.”

काकूंनी घास घेतला. पण तो काही केल्या खाली उतरेना, आणि डोळे घळाघळा वाहायला लागले. काकांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“रड खुशाल,” ते म्हणाले, “पण इथंच बसून.”