नकाबातून विचारलेला रस्ता

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमच्या मराठीच्या सरांनी गॅदरिंगसाठी एक नाटक लिहिलं. कुठल्याच इतिहासात नसलेल्या काळातलं एक किल्ल्याचं गाव. तिथले आवाज चोरायला एक जादूगार फौज घेऊन येतो. देवळातली घंटा, जात्याची घरघर, लेकरांचं रडणं, सगळं मुकं होत जातं. शेवटी वेशीवरच्या पहारेकऱ्याची पोर तोंडाला नकाब बांधून एकटीच त्याला आडवी जाते. मला त्या पोरीचं काम हवं होतं, अगदी हावऱ्यासारखं हवं होतं.

अडचण होती अप्पांची. माझे वडील. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांचं आडतीचं दुकान. माझ्या शिकण्याला त्यांची ना नव्हती, एम.ए.साठी लातूरला पाठवायचंही त्यांनी कबूल केलं होतं. पण नाटक म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

"इस्टेजवर दिसलीस तर लातूर इसरायचं," असं त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं. अप्पा धमकी देत नसत, नुसती माहिती देत.

मी शब्दात पकडायला बसलेलीच होते. दिसलीस तर ना? मग तोंड दिसणारच कुठे होतं!

नकाब बांधायला शिकवलं शेजारच्या मैत्रिणीनं. तसा स्कूटीवर निघताना आम्ही सगळ्याच पोरी उन्हापायी तोंडाला स्टोल गुंडाळायचो, पण तो वाऱ्यानं सुटायचा. तिच्या घरी नकाब रोजचा, त्यामुळे पिना कुठे टोचायच्या ते तिला नेमकं ठाऊक. "डोळे तेवढे राहू दे," ती म्हणाली, "आन् हसू नको बाई. तुझं हसणं तर गल्लीच्या टोकावरून वळखू येतं."

तेव्हापासून मला एका प्रश्नानं छळलं. तोंड झाकलं की माणूस किती झाकला जातो? नुसता चेहरा, की घर, गल्ली, आडनाव सगळंच? तालमीत याचं उत्तर मिळेना, कारण तिथे सगळ्यांना माहीत होतं मी कोण ते. मग परीक्षा घ्यायची ठरवली. परीक्षक अप्पाच.

एका दुपारी मैत्रिणीचा ड्रेस, तिचाच नकाब आणि तिच्याच चपला घालून मी दुकानाच्या पायरीशी उभी राहिले. अप्पा तळहातावर हरभरा घेऊन बघत होते. घोगऱ्या आवाजात मी विचारलं, "स्टेशनला कुठून जायचं हो?"

त्यांनी मान वर केली. "हितून सरळ जावा. चौकातून डाव्या अंगाला वळा. ऊन लई हाय, पानी पिऊन जावा."

गड्यानं तांब्या पुढे केला. आता नकाबातून पाणी कसं प्यायचं ते मला शिकवलेलं नव्हतं. मी "नको, नको" करत पळाले आणि कोपऱ्यावर जाऊन पोट धरून हसले. सख्ख्या बापानं मला "जावा" म्हटलं होतं!

गॅदरिंगच्या दुपारी पडद्याच्या फटीतून पाहिलं तर तिसऱ्या रांगेत गॅदरिंगला वर्गणी दिलेले मोंढ्यातले व्यापारी, आणि त्यांच्यात अप्पा. लातूर गेलं, असं वाटलं. तरी स्टेजवर शिरले. आणि गंमत अशी की नकाबाच्या आत माझा आवाज मोठा झाला. घरात कधी ओरडले नव्हते एवढी मी त्या जादूगारावर ओरडले. ही कोण आत बसली होती एवढे दिवस, याचं मलाच नवल वाटत होतं.

शेवटच्या झुंजीआधी तलवार उपसायची होती. तालमीत शंभरदा उपसली होती. पण त्या दिवशी खरी भीती होती, आणि भीती वाटली की माझा हात आपोआप गळ्याकडे जातो. आम्हा लिंगायतांत लहानपणीच गळ्यात लिंग बांधतात, चांदीच्या डबीत, दोऱ्याला. परीक्षेआधी, इंजेक्शनआधी मी ते काढून डोळ्यांना लावायची. तसंच लावलं. भर स्टेजवर, नकाबावरून. मग तलवार उपसली.

बायकांच्या बाजूला कुजबुज झाली. मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. अप्पा मान खाली घालून उपरण्यानं चष्मा पुसत होते. घडीघडी चष्मा पुसायच्या त्यांच्या सवयीचे मी मनापासून आभार मानले.

दोन दिवसांनी दुकानात डबा घेऊन गेले तर शेजारचा व्यापारी त्यांना विचारत होता, "अप्पा, ती नकाबातली पोरगी आपल्यातलीच वाटली. कोणाची हो?"

"काय की," अप्पा म्हणाले. "तोंड झाकल्यालं. कसं वळखावं?"

मी डबा ठेवला आणि सुटले म्हणून घरी आले. स्वतःच्या हुशारीवर मी इतकी खूश होते की दुसरं काही सुचलंच नाही.

सुट्ट्या संपल्यावर लातूरला निघाले. सकाळची गाडी होती. अप्पा ट्रंक घेऊन स्टेशनवर पोचवायला आले. मी खिडकीशी बसल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून दिली. आत नवा दोरा होता.

"लिंगाला हा बांध. आखूड हाय. हात गेला तरी डबी भाईर येत न्हाई."

मी दोऱ्याकडे बघत राहिले. चेहरा तापला. आधी राग आला, कारण एवढे दिवस मीच तेवढी फसत होते. मग डोळे भरून आले.





गाडी हलली. खिडकीच्या गजाला हात लावून अप्पा चार पावलं सोबत चालले, आणि हात सोडता सोडता म्हणाले, "घावलं न्हवं मग इस्टेशन?"