हिरामावशीची काठी

आमच्या भाडेकरूंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीचा मेसेज होता, ‘उद्या पाणी सातला येईल.’ त्याच्याच खाली हिरामावशींच्या मुलाने, गणेशने, लिहिलं होतं, ‘आई सकाळी गेली.’ मी शिकवते त्या पनवेलच्या शाळेत मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसले होते. तो तसाच बंद केला. महिना उलटून गेला, पण एकाखाली एक आलेल्या त्या दोन ओळी अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

हिरामावशी माझ्या घरमालकीण. ओवे गावात त्यांची दोन मजली चाळ; खाली भाड्याच्या खोल्या, वर त्या आणि गणेश. आमच्या आधीच्या मालकाने ‘दुरुस्ती काढायचीय, आठ दिवस बाहेर राहा’ म्हणून मला आणि माझ्या मुलीला, झोयाला, बाहेर काढलं होतं. नवव्या दिवशी जाऊन बघते तर आमच्या दोरीवर दुसऱ्यांचे कपडे! त्यानंतर दोन महिने घर शोधत फिरलो. नवरा कुवेतला, म्हणजे मी ‘एकटी बाई’. त्यात शाहीन हे नाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. मावशींनी मात्र एकच विचारलं, “पोरगी कितवीला हाय?”

दर रविवारी त्या बांबूची काठी घेऊन प्रत्येक खोलीत यायच्या आणि स्टुलावर चढून छताला टोले द्यायच्या. गिलावा सुटला असेल तर आवाज पोकळ येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला रागच यायचा. भाडं भरतो ते काय दर आठवड्याला झडती द्यायला?

झोयाची दहावीची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. त्या रविवारी तिच्या टेबलावरच्या छताला टोला देऊन मावशी थांबल्या. पुन्हा दिला... “पोकल हाय. आजच खोली खाली करा. मिस्त्री परवा येनार.”

दुधाने तोंड पोळलेली मी, ताडकन म्हणाले, “मला नका शिकवू. तुम्हीही तसल्याच. आम्ही हलणार नाही.” त्या बाहेर पडताच दाराला कडी घातली. झोया त्याच टेबलाशी पुस्तक उघडून बसली आणि मी तिला उठवलं नाही.

तासाभराने पुन्हा दार वाजलं. मावशींनी कमरेची किल्ली सोडून माझ्यापुढे धरली. “तू वर माज्या घरात र्‍हा. किल्ली तुज्याकडंच ठेव. मी हितं बसते. मग तुजी खोली दुसऱ्याला कशी देनार?”

मला तोही डावच वाटला. गेले ते झोयाच्या अभ्यासासाठी. मावशींनी आमच्या खोलीत दाराजवळ खाट टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी शाळेत आणि झोया वर असताना, छताचा गिलावा कोसळला. टेबल मधोमध मोडलं. एक ढेकूळ उडून मावशींच्या उजव्या खांद्यावर बसलं. दवाखान्यात मी पाय धरायला वाकले, तर त्यांनी विचारलं, “पोरीचा पेपर कवा हाय?”

त्यांचा तो हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही. म्हणून पुढची चार वर्षं काठी माझ्या हातात होती. मी स्टुलावर, मावशी खाली कान देऊन. “परत मार... हां, भरीव हाय.” त्यांनी असं म्हटल्याशिवाय मी उतरत नसे. माफी मागायचं कितीदा ठरवलं. दर वेळी पुढच्या रविवारवर ढकललं.

मावशी गेल्यावर पहिल्यांदाच, गेल्या रविवारी, मी एकटीने टोले दिले. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या छताचा आवाज पोकळ आला. गणेशला बोलावलं. दारातूनच तो म्हणाला, “मॅडम, पावसाळ्यानंतर बघू ना.”

मी स्टूल ओढून ओट्यासमोर ठेवलं. “तुमची आई अशाच छताखाली बसली होती. तुम्ही दहा मिनिटं बसा.”

तो उंबऱ्याच्या आत आला नाही. नुसता वर बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला.

नवा गिलावा वाळल्यावर मी काठी घेऊन स्टुलावर चढले. टोला दिला आणि सवयीने खाली पाहिलं. पुन्हा दिला...

“भरीव हाय, मावशी,” मीच म्हटलं. तरी किती तरी वेळ मला खाली उतरता येईना.